राखेच्या दगडात अडकणारे शिसे आणि निसटणारे क्रोमियम

तमिळनाडूतील राणीपेट येथे क्रोमियमची रसायने बनवणारा एक कारखाना गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडला. यंत्रे थांबली, कामगार पांगले, पण आवारात साठलेला दोन लाख टनांहून अधिक कचरा जागच्या जागी राहिला आणि पावसाळ्यात त्यातून झिरपणारे पिवळे पाणी आजूबाजूच्या जमिनीत उतरत राहिले. हा पिवळा रंग हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या पाण्यात सहज विरघळणाऱ्या आणि कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या रूपाचा आहे. अशा ढिगाचे करायचे काय, या प्रश्नाला गेल्या तीन-चार दशकांत मिळालेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे जिओपॉलिमर. वीजकेंद्राची राख आणि लोखंडाच्या भट्टीतील मळी अशा औद्योगिक टाकाऊ मालापासून सिमेंटसारखा घट्ट होणारा पदार्थ तयार करायचा आणि विषारी धातू त्याच्या आत बांधून टाकायचे, अशी ही कल्पना आहे. काही धातूंच्या बाबतीत ती उत्तम चालते आणि काहींच्या बाबतीत फसते. हा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेणे या लेखाचा हेतू आहे.

मुळात जड धातूंचा कचरा इतर कचऱ्यासारखा संपवता येत नाही. भाजीपाला कुजतो, कीटकनाशकाचा रेणू पुरेशा तापमानाला जाळला की मोडतो. पण शिसे, कॅडमियम, पारा किंवा क्रोमियम ही मूलद्रव्ये आहेत, त्यामुळे ती जाळली तरी राखेत किंवा धुरात शिल्लक राहतात. त्यांच्या बाबतीत दोनच मार्ग उरतात. धातू कचऱ्यातून काढून पुन्हा वापरायचा, किंवा तो पाण्याच्या संपर्कात येऊनही बाहेर पडणार नाही अशा रीतीने बांधून ठेवायचा. पहिला मार्ग अर्थातच अधिक चांगला, परंतु टनभर गाळात धातू जेमतेम किलो-दोन किलो असेल तर तो काढण्याचा खर्च परवडत नाही. म्हणून जगभर बहुतेक ठिकाणी दुसराच मार्ग स्वीकारला जातो.

महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रे आहेत. अशा केंद्रांमध्ये धातूंचा गाळ सामान्यतः चुना, सिमेंट किंवा राख यांच्यात कालवून घट्ट केला जातो आणि तळाशी प्लास्टिकचे जाड अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरला जातो. ही पद्धत स्वस्त आणि सवयीची आहे, तरी तिच्या मर्यादाही जुन्याच आहेत. जस्त आणि शिसे यांचे क्षार सिमेंटच्या घट्ट होण्याच्या क्रियेतच अडथळा आणतात, त्यामुळे अशा कचऱ्यासाठी सिमेंट जास्त लागते. शिवाय घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये बराचसा मोकळा चुना असतो. आम्लयुक्त पाणी आले की तो आधी विरघळतो आणि त्याच्या मागोमाग ठोकळा सच्छिद्र होत जातो. त्यात सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होते ते भट्टीतले खडे, भाजताना टनामागे सुमारे ०.८ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एक प्रदूषण आवरण्यासाठी आपण दुसऱ्याला हातभार लावत असतो.

जिओपॉलिमरची कृती ऐकायला अगदी साधी वाटते. दगडी कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्राच्या धुरातून पकडलेली बारीक राख, म्हणजे फ्लाय अॅश, घ्यायची. सूक्ष्मदर्शकाखाली ही राख म्हणजे काचेच्या चिमुकल्या गोळ्या असतात आणि त्यांत मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना ही दोन ऑक्साइडे असतात. त्यांत कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण आणि पाकासारखे दाट सोडियम सिलिकेट मिसळायचे. दहा मोलर तीव्रतेचे द्रावण करायचे तर एका लिटरमध्ये ४०० ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवावा लागतो. तो विरघळताना भांडे हात लावता येणार नाही इतके तापते, म्हणून द्रावण आदल्या दिवशी करून निवू देण्याची पद्धत आहे. मिश्रण चिकट आणि करड्या रंगाचे होते, ते साच्यात ओतून हवेचे बुडबुडे निघेपर्यंत हलवायचे आणि साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअस तापमानात दिवसभर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी साच्यातून निघतो तो दगड. राखेत पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीची दळलेली मळी मिसळली तर उष्णतेचीही गरज उरत नाही, कारण मळीतील कॅल्शियममुळे मिश्रण खोलीच्या तापमानालाच घट्ट होते.

कॉस्टिक सोड्यासारखी अल्कली आणि मळी यांच्या मेळातून सिमेंटला पर्याय देण्याचे काम कीव्हमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्हस्की यांनी १९५० च्या दशकातच सुरू केले होते. जिओपॉलिमर हे नाव मात्र फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ दाविदोविट्स यांनी १९७० च्या दशकात दिले. ते न जळणाऱ्या बांधकाम साहित्याच्या शोधात होते. विषारी कचरा बांधून ठेवण्यासाठी त्याचा उपयोग करण्याचा विचार १९८० च्या दशकात, खाणींच्या गाळावर प्रयोग करताना पुढे आला.

आता दगडाच्या आत काय घडते ते पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे. तीव्र अल्कली राखेच्या काचेला अक्षरशः विरघळवते आणि सिलिकॉन व अॅल्युमिनियम द्रावणात येतात. हे सुटे तुकडे लगेच एकमेकांशी जोडले जाऊ लागतात. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन अणूंमध्ये सामाईक, अशी तिन्ही दिशांना पसरणारी जाळी तयार होते. या जाळीत काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनियम बसतो. सिलिकॉनची संयुजा चार, अॅल्युमिनियमची तीन. त्यामुळे जिथे जिथे अॅल्युमिनियम बसला तिथे तिथे जाळीवर एक ऋणभार शिल्लक राहतो. तो भागवण्यासाठी शेजारी एक धनभारित आयन असावाच लागतो, आणि सुरुवातीला ती जागा कॉस्टिक सोड्यातील सोडियम घेतो. मृदू पाण्याच्या यंत्रांत आणि कपडे धुण्याच्या पावडरीत वापरले जाणारे झिओलाइट याच कुळातले. फरक एवढाच की झिओलाइटची रचना स्फटिकासारखी शिस्तबद्ध असते आणि जिओपॉलिमरची विस्कळीत.

सोडियमची ही जागा कायमची राखीव नसते. शिशाचा किंवा कॅडमियमचा धनभारित आयन जवळ आला तर तो सोडियमला हटवून तिथे बसू शकतो, आणि दोन धनभार असल्यामुळे तो तिथे अधिक घट्ट धरला जातो. जाळीच्या ऋणभाराने धातू धरून ठेवणे हे या पदार्थाचे खरे वैशिष्ट्य आहे. याखेरीज आणखी दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. अल्कलीयुक्त वातावरणात बहुतेक धातूंची हायड्रॉक्साइडे किंवा सिलिकेटे होऊन ती अविद्राव्य अवस्थेत साक्यासारखी खाली बसतात, आणि हे सगळे घट्ट दगडात गाडले गेल्यामुळे पाण्याला तिथवर पोहोचणेच अवघड होते. या शेवटच्या प्रकारावर फार विसंबू नये. चिक्कीतला शेंगदाणा गुळाने धरलेला असतो खरा, पण चिक्की फोडली की तो मोकळा होतो. नुसता वेढून ठेवलेला धातूही दगड फुटला की तसाच उघडा पडतो. जाळीशी रासायनिक रीतीने बांधला गेलेला धातू मात्र दगडाचा चुरा झाला तरी सहजासहजी सुटत नाही. एखाद्या प्रयोगाचा निष्कर्ष वाचताना धातू वेढला गेला आहे की बांधला गेला आहे, हे म्हणूनच आधी पाहावे.

या कसोटीवर शिसे सर्वांत चांगले उतरते. माद्रिदमधील संशोधकांनी २००३ मध्ये राखेच्या दगडात शिसे मिसळून पाहिले तेव्हा ते अत्यंत कमी विद्राव्य अशा सिलिकेटाच्या रूपात आढळले. त्यानंतरच्या अनेक प्रयोगांतही शिशाचा दगडातून बाहेर येण्याचा वेग फार कमी राहिला आहे. जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या उद्योगांच्या मळीसाठी आणि शिसे-जस्ताच्या खाणींच्या गाळासाठी हे महत्त्वाचे आहे. कॅडमियमची गोष्ट मात्र थोडी वेगळी. तो मुख्यतः हायड्रॉक्साइडच्या रूपात बसून राहतो, म्हणजे भोवतालचे पाणी अल्कलीयुक्त आहे तोवर स्वस्थ असतो, आणि आम्ल आले की त्याची पकड सैल होते. जस्त या दोघांच्या मधले. ते आम्लातही विरघळते आणि फार तीव्र अल्कलीतही, त्यामुळे कॉस्टिक सोड्याचे प्रमाण वाढवले की दगड अधिक मजबूत होईल पण जस्त अधिक सुटेल, असा पेच तयार होतो.

क्रोमियमपाशी आल्यावर मात्र वर सांगितलेला सगळा हिशेब उलटा होतो. हेक्साव्हॅलंट क्रोमियम पाण्यात एकटे नसते. ते चार ऑक्सिजनसह क्रोमेट नावाचा आयन बनवून असते आणि या आयनावर दोन ऋणभार असतात. जाळीही ऋणभारित आणि क्रोमेटही ऋणभारित, त्यामुळे जी जाळी शिशाला ओढून घेते तीच क्रोमेटला दूर लोटते. भरीस भर म्हणजे अल्कलीयुक्त पाण्यात क्रोमेट अगदी सुखाने विरघळून राहते. माद्रिदच्या त्याच प्रयोगात क्रोमियमचे ऑक्साइड घातलेले मिश्रण घट्टच झाले नाही. मेलबर्न विद्यापीठातील गटाने २००८ मध्ये शिसे, कॅडमियम आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम यांची तुलना केली तेव्हाही शिसे टिकले, कॅडमियमचे वागणे भोवतालच्या द्रावणानुसार बदलले आणि क्रोमियम निसटले.

यावरचा उपाय त्याच गटाने दाखवला आणि तो या संपूर्ण विषयातील सर्वांत देखणा भाग आहे, असे मला वाटते. मिश्रणात थोडेसे सोडियम सल्फाइड घातले की सल्फाइड क्रोमेटला इलेक्ट्रॉन देते, म्हणजे त्याचे क्षपण करते, आणि सहा संयुजेचे क्रोमियम तीन संयुजेचे होते. हे दुसरे रूप कितीतरी कमी विषारी असते, त्यावर धनभार असतो आणि त्याचे हायड्रॉक्साइड जवळजवळ अविद्राव्य असते. ऋणभारित जाळीतून निसटणारा आयन असा धनभारित होऊन तिथेच अडकतो. फेरस सल्फेटही हेच काम करते. झोतभट्टीच्या मळीत तर मुळातच थोडे सल्फाइड असते, त्यामुळे क्रोमियमच्या कचऱ्यासाठी नुसत्या राखेपेक्षा मळीचा दगड अधिक भरवशाचा ठरतो. कोकणात डोलवीसारख्या ठिकाणी पोलाद कारखाने आहेत, म्हणजे अशी मळी महाराष्ट्रात दूरून आणावी लागणार नाही.

तरीही राणीपेटसारख्या जुन्या ढिगाला ही कृती थेट लावता येत नाही. प्रयोगशाळेत क्रोमियमचा शुद्ध क्षार द्रावणात विरघळवून वापरलेला असतो. प्रत्यक्ष कचऱ्यात क्रोमेटचा मोठा भाग भट्टीत भाजलेल्या कणांच्या पोटात असतो आणि तो महिनोन्महिने, वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर येत राहतो. पृष्ठभागावरच्या क्रोमेटचे क्षपण झाले की पहिली चाचणी उत्तम निघते, पण घातलेले सल्फाइड किंवा लोह संपून गेल्यावर आतले क्रोमेट बाहेर पडले तर पिवळे पाणी पुन्हा दिसू लागते. म्हणून कचरा आधी बारीक दळणे, क्षपण करणारे रसायन हिशेबापेक्षा बरेच जास्त घालणे आणि मगच दगड बनवणे, हा क्रम पाळावा लागतो आणि खर्च तिथेच वाढतो.

आर्सेनिक, सेलेनियम आणि मॉलिब्डेनम हीदेखील क्रोमेटसारखीच ऋणभारित रूपात वावरणारी मंडळी आहेत. गंमत अशी की ती बाहेरून आणावी लागत नाहीत, राखेतच किलोमागे मिलिग्रॅमच्या मापात असतात. नुसती राख पाण्यात ठेवली असता त्यातील जेवढे आर्सेनिक सुटते, त्याहून जास्त ते कॉस्टिक सोड्यात सुटू शकते. बाहेरचा कैदी पकडण्यासाठी बांधलेल्या तुरुंगाच्या विटांतच काही कैदी असावेत, तसा हा प्रकार आहे, आणि जिओपॉलिमरच्या उत्साही जाहिरातींत तो बहुधा सांगितला जात नाही.

धातू बांधला गेला की नाही, हे ठरवायचे कसे? त्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ठरवलेली टीसीएलपी ही आहे आणि भारताच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांतही तिचा आधार घेतला आहे. दगड फोडून ९.५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतका बारीक करतात. त्याचे किमान १०० ग्रॅम वजन घेऊन त्याच्या वीसपट वजनाचे सौम्य अॅसिटिक आम्ल बाटलीत ओततात. कचरा फार अल्कलीयुक्त असेल तर २.८८ सामूचे, एरवी ४.९३ सामूचे (सामू म्हणजे पीएच, तो जितका कमी तितके पाणी अधिक आम्लयुक्त). ती बाटली यंत्राला बांधून मिनिटाला सुमारे ३० फेरे या वेगाने, डोके खाली पाय वर अशी, साधारण १८ तास फिरवत ठेवतात. मग पाणी गाळून त्यातील धातू मोजतात. लिटरमागे शिसे ५ मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम १ मिलिग्रॅमच्या आत आणि क्रोमियम ५ मिलिग्रॅमच्या आत असेल तर नमुना उत्तीर्ण होतो. या मर्यादा पिण्याच्या पाण्याच्या नाहीत, हे लक्षात ठेवावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे चाचणीची मर्यादा तिच्या पाचशेपट आहे.

या चाचणीत एक साधा अंकगणिती सापळा आहे. पाणी दगडाच्या वीसपट असल्यामुळे, किलोभर दगडात एकूण १०० मिलिग्रॅम शिसे असेल आणि त्यातील कण न् कण पाण्यात उतरला, तरी लिटरमागे ५ मिलिग्रॅमच होतात. म्हणजे दगडातील शिसे याहून कमी असेल तर तो काही न बांधताही चाचणी उत्तीर्ण होतो. किलोमागे हजार मिलिग्रॅम शिसे असलेला गाळ पाच टक्के आणि बाकी पंचाण्णव टक्के राख-मळी, असा दगड केला की नेमके हेच घडते. कचरा बांधला गेला नाही, तो फक्त विरळ झाला. म्हणून एखाद्या अहवालात चाचणी उत्तीर्ण झाल्याचे लिहिले असेल तर दगडात मुळात धातू किती होता आणि त्याचा कितवा हिस्सा बाहेर आला, हे दोन आकडे शोधावेत. ते नसतील तर निष्कर्षाला फारसा अर्थ नसतो.

दुसरा मुद्दा सामूचा. जिओपॉलिमरमध्ये उरलेला कॉस्टिक सोडा बाटलीतील आम्लाचा काही भाग मारतो, त्यामुळे चाचणी ज्या आम्लात व्हायची त्याऐवजी बऱ्याच सौम्य पाण्यात पार पडते आणि शिसे-कॅडमियमसाठी निकाल अधिक चांगला दिसतो. निसर्गात तसे घडेलच असे नाही. वर्षानुवर्षे पाऊस पडून तो सोडा धुऊन जातो, हवेतील कार्बन डायऑक्साइड उरलेल्याशी संयोग पावतो आणि दगडाच्या छिद्रांतील पाण्याचा सामू खाली येतो. अशा बदललेल्या स्थितीत धातू कसा वागेल ते जाणून घ्यायचे तर वेगवेगळ्या सामूंच्या पाण्यात तोच नमुना तपासावा लागतो. नेदरलँड्समध्ये अखंड ठोकळा पाण्यात बुडवून, पाणी ठरावीक अंतराने बदलत ६४ दिवस चालवण्याची चाचणी आहे. ती वेळखाऊ आहे, पण प्रत्यक्ष परिस्थितीच्या जास्त जवळची आहे.

एवढ्या अडचणी असूनही ही पद्धत प्रयोगशाळेबाहेर पोहोचली आहे, तीही सर्वांत कडक देखरेख असलेल्या क्षेत्रात. स्लोव्हाकियातील बोहुनिचे अणुवीजकेंद्रातील जुन्या अणुभट्टीचा किरणोत्सारी गाळ सियाल नावाच्या जिओपॉलिमरमध्ये घट्ट केला जातो आणि या पदार्थाला तेथील अणु-नियामकाने २००३ मध्ये मान्यता दिली. त्या गाळातील मुख्य चिंता सीझियमची आहे. सीझियम सिमेंटमध्ये नीट टिकत नाही, पण एक धनभार असलेला हा आयन जिओपॉलिमरच्या जाळीत सोडियमच्या जागी चांगला बसतो. ज्या कचऱ्याचे रसायन या जाळीला मानवते, तिथे सुरुवात झाली, हे अपेक्षितच होते. दगडाच्या मजबुतीबद्दल तर शंका घेण्याचे कारणच नाही. ऑस्ट्रेलियातील टूवूम्बा येथील २०१४ मध्ये सुरू झालेल्या विमानतळाच्या फरसबंदीत हजारो घनमीटर जिओपॉलिमर काँक्रीट वापरलेले आहे.

भारतात कच्च्या मालाची टंचाई नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०२१-२२ या वर्षात कोळशावरच्या वीजकेंद्रांतून सुमारे २७ कोटी टन राख निघाली. तिच्यापैकी बहुतेक वापरली जाते असे ही आकडेवारी सांगते, परंतु त्या वापरात सखल जमिनी आणि जुन्या खाणी भरणे हेही धरलेले असते, आणि पूर्वीच्या दशकांत तलावांत साठलेली राख वेगळीच. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी वीजकेंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व नदीनाल्यांत शिरले. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा या पट्ट्यात राखेचे काय करायचे हा रोजचाच प्रश्न आहे. अडते ते कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट यांच्यापाशी. पहिला मिठाच्या पाण्यातून वीज सोडून बनतो, दुसरे वाळू आणि धुण्याचा सोडा हजार अंशांहून अधिक तापमानाला वितळवून. दोन्ही महाग आणि हाताळायला धोकादायक. डोळ्यात उडालेला कॉस्टिक सोड्याचा एक थेंब दृष्टी घालवू शकतो, त्यामुळे चष्मा-हातमोजे न वापरणाऱ्या आपल्या बांधकामाच्या जागेवर हे काम नको, ते कारखान्यातच व्हावे. भारतीय मानक संस्थेने २०२० मध्ये काढलेली मार्गदर्शक सूचनाही कारखान्यात ओतलेल्या तयार ठोकळ्यांपुरतीच आहे. बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्यातून निघतो तशा लाल मातीच्या गाळात कॉस्टिक सोडा आधीपासूनच उरलेला असतो. तो वापरून विकतच्या सोड्यात बचत करण्याचे प्रयोग चालू आहेत, मात्र त्या गाळात स्वतःचेही क्रोमियम आणि व्हॅनेडियम असते.

तयार ठोकळा कुठे ठेवायचा, या प्रश्नावर संशोधकांत एकमत नाही. धातूंचा गाळ घातलेले ठोकळे पदपथावर बसवावेत, म्हणजे कचरा मार्गी लागेल आणि पैसेही मिळतील, असा एक आग्रह असतो. मला तो पटत नाही. आपल्या शहरांत पदपथ दर काही वर्षांनी उखडले जातात, उखडलेला माल भरावात किंवा खडीत जातो आणि तिथे तो कुठून आला हे कोणालाच ठाऊक नसते. फोडलेल्या ठोकळ्याचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि नुसते वेढून ठेवलेले धातू उघडे पडतात. शुद्ध राख आणि मळी यांचे ठोकळे पदपथाला खुशाल वापरावेत, तेही आर्सेनिक तपासून. शिसे, कॅडमियम आणि क्षपण केलेले क्रोमियम यांचे ठोकळे मात्र अस्तर घातलेल्या, कुंपणाच्या आतल्या खड्ड्यातच जावेत, आणि आज सिमेंटमध्ये कालवलेला गाळ जिथे पुरला जातो तिथे सिमेंटच्या जागी हा पदार्थ यावा, इतपतच अपेक्षा तूर्तास ठेवता येते.